जाड तार

माझे सासरे मोडकी वस्तू टाकू द्यायचे नाहीत. छत्रीची काडी, चपलेचा अंगठा, मिक्सरचं बटण, सगळं त्यांच्या हातून परत चालू व्हायचं. वारूळवाडीच्या मळ्यात पाहुणा आला की आधी या वस्तू दाखवायचे, चहाचं नंतर विचारायचे. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

एका उन्हाळ्यात विहिरीतल्या मोटरीचा फ्यूज सारखा उडायला लागला. टोमॅटोला पाणी सोडून भाकरी थापायला बसावं, तर हौदात पडणारी धार बंद. सासरे जाऊन फ्यूजमध्ये बारीक तार घालायचे. तासाभरानं पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "वायरमनला बोलवू."

ते सासऱ्यांना लागलं. "एवढ्याशा तारंला वायरमन?" त्यांनी जुन्या केबलमधली तांब्याची जाड तार सोलून काढली आणि फ्यूजमध्ये पिळून बसवली. पक्कड घेऊन मी शेजारी उभी होते.

"आता बघू कशी उडती ती."

खरंच उडाली नाही. लाइट जाईपर्यंत मोटर अखंड चालली.

दुसऱ्या दिवशी हौदावर कपडे धुताना मी ओल्या हातानं विहिरीवरून आलेला लोखंडी पाइप धरला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. उपाशीपोटी उन्हात बसल्यानं असेल, असं वाटलं. संध्याकाळी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशी म्हैस हौदाशी जाईना. लांबूनच मान पुढे करायची, नाकपुड्या फुगवायची आणि मागे सरायची. मी तिला बादलीनं पाणी पाजलं. बोलले मात्र कुणालाच नाही. सासरे खुशीत होते. सून कामात खोट काढते असं त्यांना वाटू नये, एवढंच मनात होतं. पाइपाला हात लावायचं तेवढं सोडलं.

चौथ्या दिवशी दुपारी ते म्हशीला दाव्यानं ओढत हौदावर घेऊन गेले. "पाण्याला काय भ्यायचं गं?" असं तिला म्हणालेलं मी ओट्यावरून ऐकलं. मी उठले. हाक मारणार तोवर तिचं तोंड पाण्याला लागलं होतं. ती ओरडलीसुद्धा नाही. पुढचे पाय दुमडले आणि जागीच कोसळली. सासऱ्यांच्या पायात रबरी बूट होते, म्हणून ते उभे होते. पण तिला उठवायला ते वाकले.

"मामा, हात नका लावू!" ओरडत मी विहिरीजवळच्या खोपीत धावले आणि मोटर बंद करायला स्टार्टरचं लाल बटण दाबलं. म्हैस मात्र उठली नाही.

नारायणगावहून वायरमन आला. त्यानं विहिरीतून केबल वर ओढली. लोखंडी पाइपाला घासून घासून बोटभर जागेत आतली तार उघडी पडली होती.

"बाबा, फ्यूज उडत व्हता तो बिघाड नव्हता," तो म्हणाला. "खाली बिघाड हाय, हे तो सांगत व्हता. तुमी त्याचं तोंडच बांधलं."

तो गेल्यावर सासरे मला म्हणाले, "पोरी, तुला शॉक लागत व्हता का?"

मी हो म्हटलं.

"कवापास्नं?"

"तार घातली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग सांगितलं का न्हाई?"



ते अजूनही दुरुस्त्या करतात. वस्तू माझ्या हातात देताना विचारतात, "बराबर झालंय ना?" मी हो म्हणते. तरी ते वस्तू लगेच सोडत नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात.