अर्धं चाक पुढे

परवा गाडी धुतल्यावर टायर काळे करायच्या ड्रेसिंगची बाटली उघडली आणि त्या गोडसर, रबरी वासासरशी नवघरच्या आमच्या जुन्या सोसायटीतला एक रविवार आठवला. बाबांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला होता, म्हणून गाडी विकली होती. नवा मालक ती दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. बाबांनी मला हाटकेश भागातल्या गाडीच्या सामानाच्या दुकानात पाठवलं. दुकानदार चकचकीतवाली बाटली पुढे करत होता, "ये लो, एकदम नया लगेगा," पण बाबांनी बजावलं होतं, "सॅटिन फिनिशच आण. टायर टायरसारखा दिसू दे, बूटपॉलिश केल्यासारखा नको." ते कंपाउंडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सांगत होते, तसं मी स्पंजने लावत होतो आणि थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने जास्तीचं टिपून घेत होतो. चारही टायर काळेभोर, शांत दिसायला लागले. "आता गाडी अर्धं चाक पुढे घे," बाबा म्हणाले, "जमिनीला टेकलेला भाग राहिलाय." ऊन चढलं होतं, मी वैतागलो. "उद्या जातेच आहे ना गाडी? कोण बघतंय, बाबा?" मी बाटलीला झाकण लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू गेटकडे निघाली, तेव्हा चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी तो राहिलेला करडा तुकडा वर येत होता, आणि बाबा गाडीकडे नाही, त्या तुकड्याकडेच बघत होते. आता मी न चुकता गाडी अर्धं चाक पुढे घेतो. बघणारं कोणी नाही.