तोमेबाईंच्या तीन बाटल्या

आमच्या ताकेउरा गावात रविवारच्या मिस्साला कोणी मागून हळूच ‘पेत्रो’ अशी हाक मारली, तर पुरुषांच्या बाकांवरची सतरा डोकी एकदम वळतात. त्यातलं एक माझं. मारियांची गणती करायच्या भानगडीत कोणी पडलेलं नाही. हा सगळा तोमेबाई शुकुवांचा पराक्रम.

तोमेबाई सुईण होत्या. उंचीने सोया सॉसच्या पिंपाएवढ्या, आवाजाने मासळीबाजाराएवढ्या. या खाडीतली एक्केचाळीस वर्षांची सगळी पोरं त्यांच्या हातून जगात आली. जन्मलेलं पोर जरा निळसर दिसलं, की घरच्यांना ते मुलगा आहे की मुलगी हे कळायच्या आत तोमेबाई त्याच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा उरकत. मुलगा असला तर पेत्रो, मुलगी असली तर मारिया. आईबापांनी नऊ महिने खल करून काही झोकदार संताचं नाव ठरवलेलं असलं, तर ते राहून जायचं. घाईच्या वेळी नावं आठवत बसायला सवड कोणाला आहे, असं त्यांचं म्हणणं.

पुढेपुढे त्यांना निळसर दिसणाऱ्या पोरांचं प्रमाण फार वाढलं. मी जन्मलो तेव्हा चार किलोचा होतो आणि भोंग्यासारखा रडत होतो, असं आई सांगायची. तरी मीही निळसर. त्या वेळचे आमचे फादर उशिजिमा शिस्तीचे होते. जिवाला धोका असेल तरच सुईणीने बाप्तिस्मा द्यावा, धडधाकट पोरं देवळात आणावीत, असं त्यांनी तोमेबाईंना बजावलं.

“धोका कोणाला नाही, फादर?” तोमेबाई म्हणाल्या. “तुम्हालाही आहेच.” आणि त्यांच्या टकलाकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की फादरांनी मुकाट्याने टोपी घातली.

खाडीपलीकडच्या बौद्ध मठातल्या भिक्षूंच्या सुनेचं बाळंतपणही त्यांनीच केलं; आमच्याकडचे भिक्षू संसारी असतात. भिक्षूबुवांना त्यांची ख्याती ठाऊक होती. ते दाराबाहेर छत्री घेऊन बसले होते. पोराचा पहिला आवाज आला तसे आत येऊन म्हणाले, “तोमेबाई, आमचं पोर जसं आहे तसं कोरडंच द्या.”

या सगळ्याला हसणं सोपं होतं. पण त्या काळी आम्ही काय शिकत होतो तेही सांगायला हवं. धर्मशिक्षणाच्या वर्गात फादर विचारायचे, मूल जन्मतं ते निष्पाप का? आणि आम्ही साठ पोरं छप्पर हलेल अशा आवाजात ओरडायचो, नाही. आदामाने केलेलं मूळ पाप प्रत्येक मूल पोटातूनच घेऊन येतं आणि ते बाप्तिस्म्याच्या पाण्यानेच धुतलं जातं. आमच्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर धाकटी भावंडं बांधलेली असत. हे उत्तर दिल्यावर आम्ही माना वळवून त्यांच्याकडे संशयाने पाहायचो. माझी बहीण नेमकी त्याच वेळी माझी पाठ ओली करायची, त्यामुळे मला ते शिकवणं मनापासून पटलं होतं.

बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या पोरांचं काय, याचंही उत्तर ठरलेलं होतं. ती नरकात जात नाहीत. बिचाऱ्यांनी काही केलेलंच नसतं. पण स्वर्गातही जात नाहीत. ती लिंबो नावाच्या जागी राहतात. तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. म्हणजे घराच्या ओसरीवर जन्मभर बसायचं, आत घरात सणाचं जेवण चाललंय, आणि आत कोणी बोलवत नाही. अशी पोरं आमच्या दफनभूमीच्या भिंतीबाहेर, कॅमेलियाच्या झाडीत पुरली जायची. वर क्रूस नाही, नाव नाही. समुद्रावरून आणलेला एक गोल गोटा. झाडीत असे बरेच गोटे होते. तोमेबाई रोज पहाटेच्या मिस्साला त्या गोट्यांशेजारून जात असत. तेव्हा त्यांना पोरं निळसर का दिसायची, हे मला मोठेपणी कळलं.

आता ऑगस्ट एकोणीसशे सत्तावन्नची गोष्ट. यासुजी नावाच्या माकूळ धरणाऱ्या कोळ्याची बायको हात्सुए तेव्हा बावीस वर्षांची होती. पहिलटकरीण. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मोठ्या बेटावरचा दवाखाना बोटीने दोन तासांवर. यासुजीने सुकाणू धरलं, हात्सुएला ताडपत्रीखाली झोपवलं, आणि तोमेबाई पिशवी घेऊन चढल्या. पिशवीत क्रूस बांधलेली स्वच्छ पाण्याची बाटली होती, आणि त्यांचा नेहमीचा ॲल्युमिनियमचा, फिरकीच्या झाकणाचा डबा. डब्यातही कायम साधं पाणीच असायचं, कारण चहा प्यायला की बोटीत पंचाईत होते, असा त्यांचा अनुभव.

त्या दिवशी मात्र त्यांचे यजमान कामेझो यांना प्रेमाचा उमाळा आला. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी हा गृहस्थ चुलीकडे फिरकला नव्हता. पण बायको एवढ्या उन्हात निघालेली पाहून त्यांनी डब्यातलं पाणी ओतून दिलं आणि विहिरीत गार करायला सोडलेला भाजलेल्या जवाचा चहा त्यात भरला. हे सांगायचं मात्र राहून गेलं.

निम्म्या वाटेवर पोर आलं. दोन मुठींएवढं. बाटलीतलं पाणी हात आणि पातं धुण्यात कधीच संपलं होतं. पोराने एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसरा घेऊ की नको अशा बेताला आलं. तोमेबाईंनी डबा ओढला, फिरकी काढली, ताडपत्रीच्या अंधारात त्याच्या डोक्यावर तीनदा ओतलं आणि म्हटलं, “पेत्रो, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते.” पोर एक ‘नमो मरिया’ म्हणून होईल एवढा वेळ जगलं.

मग त्यांनी त्याचं डोकं पुसलं, आणि पांढऱ्या फडक्यावर फिकट तपकिरी डाग पडला. भाजलेल्या जवाचा वास आला.

त्यांनी पोर गुंडाळलं आणि बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून बसल्या. किनारा येईपर्यंत त्या वळल्या नाहीत. यासुजीने बोट परत फिरवली. हात्सुए डोळे मिटून पडली होती. पोर भिंतीच्या आत पुरलं गेलं. लाकडी क्रूस, त्यावर नाव पेत्रो. फादर उशिजिमांनी प्रार्थना म्हटली आणि तोमेबाईंना वेळेवर हुशारी दाखवल्याबद्दल शाबासकी दिली.

त्याच हिवाळ्यात फादरांनी नेहमीप्रमाणे बेटांवरच्या सुइणींचा वर्ग घेतला. कोणतं पाणी चालतं? विहिरीचं, ओढ्याचं, पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं. समुद्राचंही चालतं. काय चालत नाही? दूध, तांदळाची साके दारू, कालवण, सोया सॉस. तोमेबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, जवाचा चहा? फादर हसले. म्हणाले, ती तर सहल झाली, बाप्तिस्मा नव्हे. बाकीच्या सुइणीही हसल्या.

तोमेबाईंच्या डोक्यात मात्र दुसरीच गोष्ट बसली होती. समुद्राचंही चालतं. त्या दिवशी बोटीच्या चारी बाजूंना क्षितिजापर्यंत देवाने बाप्तिस्म्याचं पाणी पसरून ठेवलं होतं. हात बाहेर काढला असता तरी पुरला असता.

तेव्हापासून त्यांच्या पिशवीत तीन बाटल्या आल्या. निघण्याआधी तिन्हीतला एकेक घोट त्या जिभेवर घोळवून पाहत. साकेचे पारखीसुद्धा इतका वेळ लावत नाहीत. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. घरात जवाचा चहा बंद झाला. का बंद झाला हे त्यांनी कामेझोंना कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो साधा माणूस खचला असता. कामेझोंनी पुढची तीस वर्षं जवाचा चहा आमच्या घरी येऊन चोरून प्यायला, बाकीचे लोक चोरून साके पितात तसा, आणि जाताना तोंड पुसून जायचे. ते वारले, तरी गुपित गुपितच राहिलं.

पंच्याण्णव साली हात्सुएने घरच्या सगळ्या कबरी एका दगडी थडग्यात आणायचं ठरवलं. यासुजी वारला होता, मुली नागासाकीला होत्या, चार ठिकाणचं गवत काढायला माणूस नव्हतं. दफनभूमीची देखभाल माझ्याकडे, म्हणून कोरायच्या नावांची यादीही माझ्याकडे आली. सर्वांत खाली होतं: पेत्रो, वय एक दिवस.

दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तोमेबाई चढ चढून माझ्या दारात आल्या. कोरणं थांबव, म्हणाल्या. मग पायरीवर बसून, माझ्या बायकोने दिलेल्या मोची नावाच्या रताळ्याच्या मऊ वडीला हातही न लावता, वर लिहिलेलं सगळं त्यांनी मला सांगितलं. लाकडावरचं खोटं कुजून गेलं असतं, पण दगडावरचं राहणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. त्या फादर नागामिनेंकडेही जाऊन आल्या होत्या. हे आमचे नवे फादर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी सांगितलं की आता चर्च अशा पोरांना देवाच्या दयेवर सोपवतं आणि त्यांच्यासाठी आशा धरतं. लिंबोचं नाव धर्मशिक्षणाच्या नव्या पुस्तकात नाही. आणि देव काही बंदरावरचा जकातवाला नव्हे, डब्यात काय आहे ते हुंगून पाहायला.

“मग झालं तर,” मी म्हणालो.

“देवाचं झालं,” तोमेबाई म्हणाल्या. “हात्सुएचं काय? अडतीस वर्षं ती ज्याच्यासाठी पेत्रो म्हणून प्रार्थना करतेय, तो पेत्रो नाहीच. ते तिला मी सांगायला हवं. तू बरोबर चल. माझे गुडघे धड नाहीत.”

गुडघे निमित्ताला होते. या बाई खडकांवरून शेळीसारख्या चढायच्या.

हात्सुए दफनभूमीतच होती, लाकडी क्रूसाभोवतीचं गवत काढत. ऑक्टोबर संपत आला होता, समुद्रावरून गार वारा होता. मी विळा घेऊन बाजूच्या कबरीचं गवत कापायला बसलो आणि तेच तेच गवत दोनदा कापलं. तोमेबाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. एरवी त्यांचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा. त्या दिवशी मला कान द्यावे लागले. बाटली संपली होती. डब्यात पाणी नव्हतं. जवाचा चहा होता. तुझं पोर बाप्तिस्म्याशिवाय गेलं, पोरी.

हात्सुएने हातातलं गवत खाली ठेवलं.

“ठाऊक आहे, मावशी,” ती म्हणाली.

“काय ठाऊक आहे?” तोमेबाई म्हणाल्या.

“तुम्ही पाठ करून नाळेवर बसला होतात. माझ्या घशाला कोरड पडली होती, म्हणून यासुजीने तुमचाच डबा मला दिला. उरलेला चहा मी प्यायले.”

“आणि अडतीस वर्षं बोलली नाहीस?”

“कशी बोलणार? बोलले असते तर फादरांनी त्याला भिंतीबाहेर गोट्याखाली ठेवलं असतं.” हात्सुए म्हणाली. “आणि किनाऱ्यापर्यंत तुमची पाठ हलत होती. आई मी होते, पण रडत तुम्ही होतात. तुम्हाला ठाऊक नसेल असं मला वाटलं. म्हटलं, कशाला सांगा.”

म्हणजे एकीने दुसरीला दुखवू नये म्हणून अडतीस वर्षं तोंड शिवून घेतलं होतं, आणि दुसरीनेही तेच. दर रविवारी या दोघी एकाच बाकावर बसत, कोबीच्या भावावरून भांडत, आणि मिस्साच्या शेवटी पेत्रोसाठी एकत्र प्रार्थना म्हणत.

तोमेबाई क्रूसाशेजारी खाली बसल्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “तुला भीती नाही वाटली? पाप तसंच राहिलं असेल याची?”

“पहिल्या वर्षी वाटली,” हात्सुए म्हणाली. “वर्गात मीच सर्वांत मोठ्याने ओरडायचे ना. मग आठवायला लागले. दफनाआधी घरी तो तासभर माझ्या मांडीवर होता. मी त्याला नखापासून केसापर्यंत पाहिला होता. उवा शोधतात तसा पाहिला. जवाचा वास तेवढा येत होता. दुसरं काही नव्हतं, मावशी.”

तोमेबाईंनी क्रूसाच्या पायाशी हात ठेवला आणि काढलाच नाही. मी विळा टाकून समुद्राकडे पाहत उभा राहिलो, कारण सतरातल्या एका पेत्रोचे डोळे फार वाहायला लागले होते.

शेवटी माझं काम मला करायलाच हवं होतं. मी विचारलं, नाव काय कोरायचं?

“पेत्रोच,” हात्सुए म्हणाली. “ओतलं काहीही असो, हाक तर मारली होती ना त्याला. आयुष्यात एकदाच कोणी नावाने हाक मारली. ती काय परत घ्यायची?”

तोमेबाईंनी मान हलवली. चालेल, म्हणाल्या. आधीच सतरा आहेत, एकाने काय होतंय.

हात्सुएने पिशवीतून थर्मास काढला. दर वेळी गवत काढून झालं की ती झाकणभर जवाचा चहा क्रूसाच्या मुळाशी ओतत असे, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. त्याला जगात चव माहीत आहे ती हीच, ती म्हणाली. ओतून झाल्यावर तिने पुन्हा झाकण भरलं आणि तोमेबाईंच्या हातात दिलं.

तोमेबाईंनी ते आधी हुंगून पाहिलं. मग एक घोट घेतला, सवयीने जिभेवर घोळवला, डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“जव जरा जास्त भाजलेत,” त्या म्हणाल्या, आणि उरलेला चहा संपवून रिकामं झाकण पुढे केलं.