लाल ठिपक्याच्या पुढं

हळदीच्या मांडवात माईकवर माझ्यासारखा बोलणारा अख्ख्या वाघोलीत दुसरा नाही. होता एक, तो शिकला अन् नोकरीला लागला. मी चौथीत दोनदा बसलो, म्हणून उरलो.

माझं बोलणं लोकांपर्यंत जायचं ते आमच्या साउंडवाल्या काकांच्या मशीनमधून. मशीन म्हणजे अँप्लिफायर, काकांनी स्वतः जोडलेला. तुम्ही लग्नात बघितलंच असेल, साउंडवाला मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. काका एक तळहात मशीनवर ठेवून बसायचे, तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. आवाजाच्या बटणाशेजारी काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. बटण त्याच्या पुढं न्यायचं नाही.

"काका, बटण तर अजून फिरतंय की!"

"फिरू दे. नळ जास्त फिरवला म्हणून टाकीत पाणी वाढतं का?"

एकदा मला नीट समजावलं त्यांनी. माईकमधून येतो तो आवाज मुंगीएवढा. मशीन त्याला ताकद देऊन स्पीकरकडं पाठवतं. मशीनची ताकद संपली की आवाज वाढत नाही, फाटतो. अन् फाटका आवाज स्पीकरच्या आतली तारेची कॉइल जाळतो.

"समजलं," मी म्हणालो.

"तू लगेच समजलं म्हणालास की मला भीती वाटते."

शेजारच्या मांजरी गावात माझ्या भाच्याची हळद होती. काका जेवायला बसले होते. पोरं ओरडली, "मामा, वाढवा की!" मग काय, मामाच तो. मी ठिपका ओलांडला. गाणं चिरकलं, जळका वास सुटला अन् उजवीकडचा स्पीकर गप्प. त्याची कॉइल काकांनी स्वतःच्या हातानं गुंडाळलेली.

डावीकडचा चालू होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले, तसा मी माईक उचलला.

"मंडळी, सांभाळून घ्या! मशीन अन् मालक, दोघांचंही वय झालंय!"

मांडव खदखदून हसला. एवढा हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

काका उष्ट्या हातानंच आले. बटणाकडं बघितलं. डाव्या हातानं ते हळूच ठिपक्याच्या मागं आणलं अन् म्हणाले, "जुनं झालंय खरं."

बास. तेवढंच.

पुढच्या लग्नांची माणसं त्याच मांडवात बसली होती. म्हाताऱ्याचं मशीन दगा देतं, असं झालं अन् काकांना कुणी बोलवेना. उद्या खरं सांगू, उद्या सांगू म्हणत मी दोन सीझन काढले, नव्या साउंडवाल्याबरोबर. तेवढ्यात काका गेले.

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो. मशीन टीव्हीशेजारी, फडक्याखाली. पाहुणे बसले होते. मी काकूंजवळ सरकलो अन् कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सगळं सांगून टाकलं.

काकूंनी ऐकून घेतलं.

"त्यांना तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "खोटं बोललास ते भर मांडवात, माईकवर. अन् खरं सांगायला माझ्या एकटीच्या कानाशी आलास होय रे?"