खडक म्हणून नोंदवलेले दगड

शारजाच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्या सामानात दोन किलो भाजणी, लेकीसाठी आमसुलं आणि २००८ सालची एक निळी सर्व्हे डायरी होती. कस्टमवाल्याने भाजणी हुंगून पाहिली, डायरी उघडलीसुद्धा नाही. खरं म्हणजे जप्त करायची तर तीच होती.

"बाबा, आधी जेवा, मग गुन्हा कबूल करा," केतकी म्हणाली. ही माझी मुलगी, अल नहदामध्ये बाराव्या मजल्यावर राहते. शारजापासून जवळच्या उम्म अल कुवैनच्या समुद्रात जुनी बंदरं शोधणारं पथक आलंय, त्याच्या प्रमुख एक इटालियन बाई आहेत, हे तिनेच साताऱ्याला फोन करून कळवलं होतं. फोन ठेवल्यावर मी ती निळी डायरी शोधून काढली. मग तिकीट काढलं.

गुन्हा असा. २००८ च्या उन्हाळ्यात तिथे मरीना (हौशी बोटींचं बंदर) व्हायची होती आणि खोदाईआधी समुद्रतळाची मोजणी करणारा सर्व्हेअर मी होतो. शेत नांगरावं तशी आमची बोट ओळीने फिरे आणि सोनार (आवाजाने खोली मोजणारं यंत्र) तळाचं चित्र काढी. एका जागी घरातल्या दोन खोल्यांएवढा ढीग दिसला. आमचा पाणबुड्या कुंजुमोन खाली गेला आणि एक काळा गोल दगड व मातीच्या घागरीचा गळा घेऊन वर आला.

"साब, ये पत्थर इधर का नहीं है. कोई पुराना जहाज लाया है."

मलाही ते दिसत होतं. त्या काळ्या दगडात पांढऱ्या गारेचे ठिपके होते, आणि आमच्या साताऱ्याच्या घराचं जोतं तसल्याच दगडाचं आहे. पण तसं लिहिलं असतं तर पुरातत्त्ववाले आले असते आणि काम महिनोन् महिने अडलं असतं. मला कुणी दम दिला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. मी आपणहून ते सगळं परत पाण्यात टाकायला लावलं आणि अहवालात लिहिलं, 'नैसर्गिक खडक.'

कुंजुमोन बैठकीत सगळ्यांसमोर उठून बोलला. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "खडकच आहे साहेब. याला पाण्याखाली भास होतात."

पाणबुड्याबद्दल याहून वाईट काही बोलता येत नाही. ज्याला भास होतात त्याला पुन्हा कुणी पाण्यात सोडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गोदामात बसवलं. पुढे काही महिन्यांत मंदी आली, मरीना खलास झाली, खोदाईचं जहाज आलंच नाही आणि मीही घरी परतलो. ढीग वाचला तो मंदीमुळे, माझ्यामुळे नव्हे.

केतकीच्या ऑफिसातल्या एका मल्याळी मुलीने कुंजुमोनला हुडकून काढलं आणि त्या पथकाबद्दलही सांगितलं. शारजातल्या रोल्ला बाजाराच्या गर्दीत त्याची छोटी कॅफेटेरिया आहे. आम्ही आत शिरलो तेव्हा तो गल्ल्यावर होता. केस पांढरे, खांदे मात्र तसेच रुंद. त्याने मला नीट न्याहाळलं आणि आचाऱ्याला हाक मारली, "अरे, कोई मेरी आँख देखो! मुझे फिर भास हो रहा है. दीक्षित साब दिख रहे हैं!"

विमानात पाठ केलेली चारही वाक्यं मी विसरलो. "कुंजुमोन, मैं..."

"पहले पराठा." त्याने पुढ्यात करक (दाट, वेलची घातलेला दुधाचा चहा) आणि पापुद्रे सुटलेला पराठा ठेवला. "माफी इधर खाने के बीच में नहीं, साब. उधर बोलो. मैडम के सामने, पानी के ऊपर."

"आणि बोलले नाहीत तर?" केतकीने हिंदीत विचारलं.

"तो धक्का देगा," तो आनंदाने म्हणाला.

केतकीने पथकाला फोन करून ठेवला होता. दोन दिवसांनी आम्ही सकाळीच त्यांच्या बोटीतून उम्म अल कुवैनच्या खोरमधून (समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा) बाहेर पडलो. पाणी हिरवं, उथळ, काठाला खारफुटी आणि एका पायावर पेंगणारे रोहित पक्षी. पथकप्रमुख लुचिया बाईंचं नाक उन्हाने सोललेलं होतं. रोमच्याही आधी इटलीच्या किनाऱ्यावर एट्रुस्कन लोक राहत. त्यांची बुडालेली बंदरं शोधण्यात बाईंची वीस वर्षं गेली होती.

"लाकूड कुजतं, भिंती लाटा नेतात," त्या म्हणाल्या. "पण जहाजाचा तोल राहावा म्हणून भरलेले दगड माल चढवताना बंदरात टाकून देतात. ते राहतात. एट्रुस्कन किनाऱ्यावर मी हेच शिकले. परक्या दगडांचा ढीग दिसला की तिथे थांबायचं."

कबुली द्यायला याहून चांगली वेळ नव्हती. मी तोंड उघडलं, पण बोट डुलली आणि आधी केतकीने सकाळी खाऊ घातलेला उपमा बाहेर आला. कुंजुमोनने माझी कॉलर धरून ठेवली, नाहीतर त्यामागोमाग मीही गेलो असतो. चूळ भरून मग मी सगळं सांगितलं. दगड, घागर, 'खडक' आणि भास. कुंजुमोन पाण्याकडे बघत ऐकत होता. बाईंनी फक्त डायरी मागितली.

डायरीतल्या अंकांनुसार बोट त्या जागी नेली. त्यांची माणसं दोनदा खाली गेली आणि दोनदा हात हलवत वर आली. निव्वळ वाळू. आमच्या कंपनीची मापं किनाऱ्यावरच्या एका लोखंडी खुंटापासून घेतलेली होती आणि काम बंद पडल्यावर तो खुंट कुणी तरी उपटून नेला होता. अंदाजाने बसवलेल्या अंकांना काय अर्थ!

बाईंनी सौजन्याने विचारलं, "तुम्ही नक्की काही पाहिलं होतं?"

त्या प्रश्नाची चव मला तेव्हा कळली.

"मैडम," कुंजुमोन शांतपणे म्हणाला, "साब को भास होता होगा."

मी मान खाली घातली. तोच हसत तो उठला, किनाऱ्याकडे तोंड करून तिथल्या जुन्या खुणा जुळवत उभा राहिला आणि बोटवाल्याला हात दाखवू लागला. "यल्ला (चल), थोड़ा बायें. वो पुराना बुरुज देखो. उसके पीछे पानी की टंकी छुपनी चाहिए. और... बस!"

या वेळी बाई स्वतः गेल्या. बराच वेळ बुडबुडेच दिसले. मग आधी एक हात वर आला आणि त्या हातात काळा गोल दगड, अंगभर पांढरे ठिपके.

"हा इथला नाही," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडचा असेल," मी म्हणालो. "साताऱ्याचा."

"प्रयोगशाळा सांगेल," बाई हसल्या. "घाई करू नका. घाईने एकदा काय झालं ते आत्ताच सांगितलंत."

डॉक्टरच्या कागदाशिवाय कुंजुमोनला डुबकी मारू देणार नाही, म्हणाल्या. पण मास्क दिला. तो बोटीच्या काठावर पालथा झाला, मी त्याचे पाय धरले आणि त्याने तोंड पाण्यात घातलं. किती तरी वेळ वर काढेना. काढलं तेव्हा दाढीतून पाणी निथळत होतं.

"वैसा ही है, साब," तो म्हणाला. "एक पत्थर नहीं हिला."

बाईंनी नोंदीचा कागद काढला. "प्रथम कुणी पाहिलं?"

"कुंजुमोन. २००८," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मेरा पैर पकड़ने वाला," कुंजुमोनने परस्पर उत्तर दिलं.

साताऱ्याला परतलो त्याला महिना झाला. ओसरीवर बसलो की जोत्याच्या दगडांकडे नजर जाते. असल्याच दगडांच्या आधाराने कुणी तरी तिथवर समुद्र ओलांडला असावा. प्रयोगशाळेचं उत्तर अजून यायचंय. मी मात्र थांबलो नाही. निळ्या डायरीतल्या 'नैसर्गिक खडक' या शब्दांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'जहाजातले दगड. पाहणारा, कुंजुमोन. त्याची नजर स्वच्छ आहे.' त्या पानाचा फोटो त्याला पाठवला. आता तो फ्रेम होऊन रोल्लाच्या गल्ल्यामागे लागलाय, असं केतकी सांगते.