पायाळूची लाथ आणि धारोष्ण दूध

मी पायाळू. जन्मताना डोकं सोडून आधी पाय बाहेर काढले. डोक्याचा वापर पुढंही उशिराच सुरू झाला. आमच्याकडं पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ लागते. आखाडा बाळापूरच्या बाजारातसुद्धा लोक माझ्यापुढं पाठ करून उभे राहायचे. काय तो माझा तोरा!

तेव्हा मी पन्नाशीची, म्हणजे तशी लहानच. मालकांची कंबर धरली. नवऱ्याला लाथ मारून वर पुण्य मिळवायचा योग किती बायांच्या नशिबी येतो? तीन सकाळी तीन लाथा हाणल्या.

"अगं हळू! जुना राग काढून राहिली का काय?"

"औषध हाय ते. गप पडा."

दुखणं वाढलं. ताप येई-जाई, घामानं अंथरूण भिजे. ताकद यावी म्हणून मी रोज शेळीची धार थेट तांब्यात काढून पाजायची. उकळलं की दुधाचं सत्त्व जातं, हे माझं ज्ञान. एक दिवस त्यांचा डावा पाय उंबरठा ओलांडेना. तेव्हा मात्र लाथ आवरली अन् त्यांना घेऊन नांदेड गाठलं. शेळ्यांमागं फिरणारा माणूस. पायच गेले तर?

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी मणक्याचा एमआरआय काढला, रक्त तपासलं. म्हणाल्या, "मणक्यात जंतू शिरलेत. क्षयाचे वाटले होते, पण ते न्हाईत. औंदा शेळ्या गाभडल्या का?"

व्हय, तीन गाभडल्या होत्या. मेलेली पिल्लं मालकांनीच उघड्या हातांनी ओढून काढली होती.

"हा शेळ्यांचाच आजार. हातावाटे येतो, कच्च्या दुधातून येतो, अन् रक्तातून मणक्यात जाऊन बसतो. कच्चं दूध पाजत होता?"

"न्हाई," मी म्हणाले.

"रोज तांब्याभर," मालक म्हणाले. "अन् वर लाथा."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, सडक्या मणक्यावर लाथ? नशीब थोर तुमचं!" मग जरा मऊ झाल्या. "वेळेत आणलंत. औषध चुकवू नका, चालतील."

सुरुवातीला इंजेक्शनं, मग गोळ्याच गोळ्या, अन् चालायला काठी. चार महिने मी आवाज चढवला नाही; आजारी माणसाशी काय भांडायचं? एका सकाळी चहा घेऊन आले तर बाज रिकामी. सारी गल्ली पालथी घातली. मालक लिंबाच्या पारावर बसलेले.

"आवं, सांगून जावं का न्हाई माणसानं?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं?"

"काठी कुठंय?"

"राहिली घरी."

मग मी तोंड सोडलं. चार महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. पारावरची माणसं एकेक करून उठून गेली. मालक मात्र दोन्ही पाय हलवत, हसत ऐकत बसले.