अंगठ्याएवढा जुना रंग

ती घटना विसरावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केले, कारण तिच्यात सगळ्यांत शहाणी मी होते आणि सगळ्यांत मूर्खही मीच ठरले. आता निवृत्त झाले आहे, नातवंडांसमोर अब्रू तशीही उरलेली नाही. तेव्हा सांगून टाकते.

नाशिक शहरातल्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होते. खांद्यावर तिसरा तारा नुकताच लागला होता आणि तो सगळ्यांना दिसावा म्हणून मी जरा तिरकीच चालत असे. एके सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच गंगापूर रोडला राहणारे एक निवृत्त प्राध्यापक रिक्षातून उतरले. हातात शर्यतीच्या जुन्या सायकलची फ्रेम. चाकं नाहीत, सीट नाही, नुसता पोलादी सांगाडा.

त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि ठाणे अंमलदारांचं लिहिणं थांबलं. आभाळासारखा निळा रंग. जिथे नळ्या जुळतात तिथे कडेकडेने केसाएवढी सोनेरी रेघ, कुठे तुटलेली नाही, कुठे जाड झालेली नाही. आमच्या हवालदारकाकांनी हलकेच टिचकी मारली. काशाच्या वाटीसारखा नाद खोलीभर फिरला. कोठडीतला पाकीटमारसुद्धा गजांशी येऊन उभा राहिला.

"सुंदर आहे हो," मी म्हणाले.

"सुंदर आहे, पण माझी नाही!" प्राध्यापक कडाडले. "कॉलेजात मी जिच्यावर शर्यती मारल्या ती हिरवी होती, गंजलेली होती, जड होती. द्वारका चौकाजवळच्या एका कारागिराला नीट करायला दिली. त्याने अस्सल माल ठेवून घेतला आणि ही कुठली तरी नवी माझ्या गळ्यात मारली."

"फ्रेमवरचा नंबर?"

"तो गंजात कधीच गेला."

अर्ज घेतला आणि कारागिराला आणायला मी स्वतः जीप घेऊन गेले. एका माणसासाठी तीन शिपाई! पन्नाशीचा, हरसूलकडचा, बोटांच्या पेरांत रंग मुरलेला. सगळा रस्ता बघत उभा राहिला. गाळ्याचा मालक म्हणाला, "साहेब, गुन्हा दाखल झाला तर मी आजच कुलूप लावतो. चोराला जागा देत नाही आपण." कारागिराने वळून आपल्या हत्यारांकडे एकदा पाहिलं. ते पाहणं तेव्हा मला कळलं नाही. मला तेव्हा फारसं काही कळत नसे.

दोन पंच बोलावून मी फ्रेमचा पंचनामा केला. चारही बाजूंनी फोटो, चारही बाजूंनी वर्णन. मग चौकशी.

"खरी फ्रेम कुठे आहे?"

"हीच हाय, मॅडम."

"ही चकाचक दिसते."

"घासली म्हणून. लय रंग होता वर. महिनाभर घासत होतो."

"पुरावा?"

"चारी बाजूनी बघितली ना? आता खालून बघा."

"मला पंचनामा शिकवतोस?" मी टेबलावर हात आपटला. हात जबरदस्त दुखला, पण मी तसं दाखवलं नाही. तो गप्प झाला तो झालाच. आरोपी गप्प बसला की तो नक्की गुन्हेगार, असं माझं त्या काळी शास्त्र होतं.

त्यातच खबर आली. द्वारकेचा एक चहावाला आम्हाला बातम्या पुरवायचा. त्याचा फोन: "मॅडम, आज सकाळीच त्याने एक लांब खोकं पुण्याच्या ट्रकमध्ये चढवलं." मी जीप पिटाळली, सिन्नरजवळ ट्रक अडवला, पंचांसमोर खोकं फोडलं. आत कुणा आजारी माणसाची चाकाची खुर्ची होती, कारागिराने दुरुस्त करून पाठवलेली. ट्रकवाला म्हणाला, "मॅडम, बसून बघताय का?"

परत आले तेव्हा प्राध्यापक बाकावर बसून होते आणि मी सगळ्यांवर ओरडत होते. हवालदारकाका निवृत्तीला आलेले. उभी हयात त्यांनी सायकलवरून समन्स वाटले होते. ते हळूच म्हणाले, "पंक्चर काढायला गेलो की पंक्चरवाला काय करतो, मॅडम? आधी सायकल उलटी करतो." आणि त्यांनी फ्रेम उचलून टेबलावर उलटी केली.

पायडलचा आस ज्या नळीतून जातो, तिच्या अगदी पोटाला अंगठ्याएवढी जागा निळी नव्हती. तिथे त्याने जुने थर एकाआत एक गोल घासून राखले होते, झाडाच्या खोडात वर्तुळं असतात तसे. बाहेर हिरवा, मग काळा, मग चंदेरी, मग मूळचा तोच आभाळी निळा, आणि मधोमध मुगाएवढं उघडं पोलाद, चमकणारं. वरून काचेसारखा पातळ लेप. खोलीतले सगळे टेबलावर वाकले. मीसुद्धा. हे विशेष.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि एका कड्यावर बोट ठेवलं.

"चंदेरी... पहिली मोठी शर्यत हरलो तेव्हा रागाच्या भरात मीच फासला होता हा रंग. आठवड्यात लाज वाटली, वरून काळा मारला, पुढे हिरवा. खाली मूळचा निळा होता हे तर मी विसरूनच गेलो होतो. हे घरात कुणालाच माहीत नाही हो."

मग कारागिराकडे वळून म्हणाले, "अहो, मला सांगायचं तरी!"

"दाखवणारच होतो, सर. तुमी आरडाओरडा करत निघून गेले."

मी विचारलं, "पण एवढं कशाला राखायचं? कोण बघणार तिथे?"

तो म्हणाला, "सगळंच घासलं असतं तर ती सायकल माझी झाली असती, मॅडम. ती सरांची हाय."

प्राध्यापकांनी अर्ज मागे घेतला. कागदावर काम संपलं होतं. कारागीर पायी निघाला तेव्हा गाळेवाल्याचं बोलणं मला आठवलं. पोलीस माणसाला नेतात तेव्हा सगळा रस्ता बघतो. सोडतात तेव्हा कुणी बघत नाही. मी त्याला हाक मारली, जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे शिपायांमध्ये बसले.

द्वारकेला पोचलो तेव्हा गाळेवाला खरोखरच शटर ओढून कुलूप चाचपत होता. मी उतरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक आमची होती. यांचा काही दोष नाही." पुढे नोकरीभर हा नियम पाळला: ज्याला चुकून उचललं, त्याला दिवसाउजेडी त्याच जागी स्वतः नेऊन सोडायचं. माझ्या सेवापुस्तकात या प्रकरणाची ओळही नाही, पण मला पोलीस याने केलं.

गाळेवाल्याने कुलूप खिशात घातलं. कारागिराने शटर वर केलं आणि हत्यारं जागच्या जागी आहेत का, ते एकेक हात लावून पाहिलं.