आईनं आत बोलावलं, म्हणजे संमती

आमच्या अर्धापूरच्या घरातून कुणी चहाशिवाय जात नाही. वीजबिल वाटणारा असो की मतदार यादी घेऊन आलेले गुरुजी, आई सगळ्यांना आत बसवते. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या तक्रारीवरून एक शिपाई आणि एक महिला शिपाई भरदुपारी दारात आले, तेव्हाही तिनं तेच केलं.

"बाहेर कामून उभारलात? आत या. च्या ठेवते."

शिपायाच्या छातीवर लाल दिवा लुकलुकत होता. आईला वाटलं, बॅटरी असेल. तो कॅमेरा आहे हे मला कळत होतं, तरी मी गप्प बसले. पोलिसांवर वचक राहावा म्हणून हे कॅमेरे दिलेत असं वाचलेलं, त्यामुळे मला उलट धीरच आला. त्या शहाणपणाचा मला आजही राग येतो.

बहीण त्याच सकाळी पहिल्या एसटीनं लातूरहून आली होती. नवऱ्यानं तिला कुकरच्या झाकणानं मारलं होतं. महिला शिपाई म्हणाली, वळ दाखवा. बहिणीनं पदर बाजूला करून ब्लाउज खांद्यावरून खाली ओढला, आणि कुणी मारलं, कशानं, किती वेळा, सगळं सांगितलं. शिपायानं उठून बाहेर जायला हवं होतं. तो समोर बसून चहा पीत होता.

आठ दिवसांनी तो खांदा तिच्या सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. अकरा सेकंद. नवऱ्याचं नाव, झाकण, तिचं बोलणं, सगळं कापलेलं. खाली दिरानं हसरे चेहरे टाकलेले. तिथून तो गावभर फिरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बहिणीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब अगदी सभ्य. अशा सभ्यपणाची मला चीड आहे, कारण मीही नांदेडला एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि तो कशासाठी वापरतात ते मला ठाऊक आहे. बहिणीला पूर्ण चित्रण हवं होतं. वळ तोवर पिवळे पडले होते, दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'किरकोळ इजा' होतं. लातूरच्या कोर्टात दाखवायला तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

"आमच्या घरात न विचारता चित्रण केलंच कसं?" मी विचारलं.

"ताई, तुमच्या आईनंच आत बोलावलं. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. म्हणजे संमती होती."

"मग ते रेकॉर्डिंग आम्हाला द्या."

"तसं देता येत नाही. एका महिलेच्या खासगी आयुष्याचा प्रश्न आहे."

"ती महिला ही माझ्या शेजारी बसलीय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "अर्ज करा."

अर्ज केला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की मुदत संपल्यामुळे चित्रण आपोआप पुसलं गेलं आहे. बाहेर कुणी पाठवलं, याची चौकशी सुरू आहे. म्हणजे गावानं बघितलं, सासरनं बघितलं, आणि जिचं अंग होतं तिला मात्र कायदा आडवा आला. ह्याला निर्लज्जपणा म्हणतात, दुसरा शब्द मला सापडत नाही.

गेल्या महिन्यात तोच शिपाई, आदल्या दिवशी फोन करून, पुरवणी जबाब घ्यायला एकटाच आला. आई उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. हातात टॉवेल.

"ह्यो टाका त्या दिव्यावर. मग आत या."

"मावशी, झाकता येत न्हाई. नियम हाय."

"मग च्या बी न्हाई."

शिपाई ओशाळला. कसं सांगू, मला मनातून बरं वाटलं. एवढ्यात बहीण आतून आली. तो खांदा ग्रुपवर आला त्या दिवसापासून ती घरातही लांब बाह्यांचं जाकीट घालून असते, उन्हाळा असला तरी. तिनं आईच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला.

"चालू हाय का?" तिनं विचारलं.

"हाव."

ती त्या दिव्याकडे बघून बोलायला लागली. नवऱ्याचं नाव, कुकरचं झाकण, किती वेळा, सगळं, एकदाही न अडखळता. बोलून झाल्यावर तिनं जाकिटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून शिपायाच्या हातात ठेवला. ह्या चित्रणाची प्रत मिळावी म्हणून केलेला अर्ज होता, आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला.

"पोच द्या," ती म्हणाली. "तंवर इथून हलू नका."